पकडण्याआधी मावशींना विचारायला हवं होतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत 'प्राणिमित्र' हा शब्द सारखा दिसतो. कुणी कौतुकाने लिहितं, कुणी चिडून. दोघांचीही समजूत अशी की ही सगळी मंडळी एका मताची, एका कामाची. मी पुण्यात सहकारनगर-अरण्येश्वर भागात सहा-सात वर्षं रस्त्यावरची कुत्री नसबंदीसाठी नेण्याचं आणि जखमी जनावरं वाचवण्याचं काम एका गटाबरोबर करतो आहे. कुत्री नकोत म्हणणाऱ्या शेजाऱ्यांशी आमचे जेवढे वाद झाले, त्याहून जास्त आमचे आपसांत झाले. त्यातल्या एका वादाची किंमत मुक्या जिवांनी मोजली. त्याबद्दल लिहायचं आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो. माझ्याकडे जुनी ओम्नी आहे, तिची मागची सीट काढून टाकली आहे. माझं काम ने-आण करण्याचं. जाळी टाकणं मला जमत नाही, जखमेतल्या अळ्या काढताना माझे हात थरथरतात. आमच्यातले पकडणारे सगळे तरुण, बहुतेक आयटीतले, पहाटे पाचला येऊन नऊला कामावर जाणारे. एक मुलगी पिल्लं घरी सांभाळते. एक ताई फक्त फोन घेतात आणि कोण कुठे मोकळं आहे ते जुळवतात. आणि एक भाजीवाल्या मावशी आहेत. ओढ्याकडेच्या अकरा कुत्र्यांना त्या रोज रात्री दुकान आवरल्यावर भात आणि कोंबडीची पाय-मान घालतात. मावशींना आमच्यातलं मानायचं की नाही, यावरच पहिलं भांडण झालं होतं.

पकडणाऱ्या पोरांचं म्हणणं सरळ होतं: नुसतं खायला घालून काय होतं, नसबंदी केली नाही तर पिल्लं वाढणारच. कुत्री जेमतेम दोन महिन्यांत, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते, आणि वर्षातून दोनदा विऊ शकते. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मावशींना मात्र ही पोरं म्हणजे अंधारात जाळी घेऊन येणारी, त्यांच्या कुत्र्यांना किंचाळायला लावणारी. मावशींचंही चूक नव्हतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मी दोघांना ओळखत असूनही त्यांची गाठ घालून दिली नाही.

डिसेंबरातली एक पहाट. पोरांनी ओढ्याजवळून एक तपकिरी कुत्री धरली. अंधार होता, अंगावर केस दाट, ती जाळीत गुंडाळलेली. मी गाडीतून नेली, फॉर्मवर सही मीच केली. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होती. सकाळी डॉक्टरांनी तिला उलटं केलं आणि म्हणाले, "अहो, ही व्यालेली आहे. सडं दुधाने तटतटलीत." परत आणेपर्यंत दुपार झाली. पिल्लं कुठे आहेत ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मावशींना माहीत होतं. त्या आम्हाला फुटलेल्या सिमेंटच्या पाइपमागे घेऊन गेल्या. थंडीची अख्खी रात्र आईशिवाय गेलेली पाच पिल्लं. दोन जिवंत होती.

मावशी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला का नाही विचारलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. नियम मला पाठ होते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू शस्त्रक्रियेसाठी उचलायचं नाही, शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडायची, जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. हे मी लोकांना समजावून सांगत असे. पण कुठली कुत्री कधी व्याली, कुठला कुत्रा मागच्या पायाने लंगडतो, कोण अनोळखी माणसावर धावून जातो, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. ते रोज रात्री भाताचं पातेलं घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला माहीत असतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. पकडायला जायच्या आदल्या संध्याकाळी मावशींकडे जायचं, उद्या कोण ते त्यांनी सांगायचं. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, म्हणून त्या कुत्र्यांना त्या रात्री त्या काही घालत नाहीत. हे त्यांना फार जड जातं, मी पाहिलं आहे. पहाटे त्या स्वतः येतात. त्यांच्या हाकेवर कुत्री येतात, त्या मानेत दोरी अडकवतात, पोरं फक्त उचलून पिंजऱ्यात ठेवतात. एवढ्या दिवसांत जाळी दोनदाच काढावी लागली. अकरांपैकी नऊ कान आता खाचेचे आहेत. परत सोडताना मावशी तिथे असल्या की कुत्रं बिथरून दुसऱ्या गल्लीत पळत नाही.

सगळ्यांनी सगळं करावं, असं मी म्हणत नाही. उलट काही कामं वेगळीच राहायला हवीत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर, चपलांवर, कपड्यांवर महिनोन्महिने टिकतो. आमची पिल्लं सांभाळणारी मुलगी एकदा रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू उचलायला उत्साहाने धावली, आणि आठवड्याभरात तिच्या घरची लस न झालेली तीन पिल्लं आजारी पडली. तेव्हापासून ती आजारी जनावराजवळ येत नाही. काही जण तिला 'घरात बसून गोंजारणारी' म्हणतात. त्यांनी रात्री दर दोन तासांनी उठून बाटलीने दूध पाजून बघावं.

सगळ्यात अवघड वाद वेगळाच होता. गाडीखाली आलेला, पाठीचा कणा मोडलेला एक कुत्रा आमच्याकडे बारा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, याला शांतपणे जाऊ द्या. त्याला रोज साफ करणाऱ्या मुलाने ऐकलं नाही. निधी जमवणाऱ्यांनी तर त्याच्यासाठी चाकांची गाडी बनवायचं ठरवून फोटोही टाकले होते. मी डॉक्टरांच्या बाजूने उभा राहिलो. बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असल्याचं निदान स्थानिक समितीने नेमलेल्या पथकाने केलं, तर पदवीधर पशुवैद्याच्या हातून दयामरण द्यावं, असं नियमही सांगतात, आणि मला ते पटतं. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. ज्याने बारा दिवस त्या जनावराची घाण काढली, त्याला फोनवर निर्णय कळवायचा नसतो. त्याला बोलवायचं, एक्स-रे दाखवायचा, त्याचा हात त्या कुत्र्याच्या डोक्यावर असताना इंजेक्शन द्यायचं. आम्ही ते केलं नाही. तो मुलगा आमच्यातून निघून गेला, आणि तो आमच्यातला सगळ्यात मायाळू माणूस होता.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आमचा गट असा नव्हताच. भिंती पडल्या, माणसं गेली, बांधलेली जनावरं दावणीलाच बुडाली. दुसऱ्या दिवशी चिखलात कुणी दोर धरत होतं, कुणी चहा आणत होतं, कुणी फक्त टॉर्च धरून उभं होतं. टॉर्चवाल्याला कुणी कमी लेखलं नाही. मला वाटतं आमच्यात जे काही चांगलं आहे ते त्या दिवसापासूनचं आहे.

आता वाचकांना एक विनंती. जखमी जनावर दिसलं की तुम्ही फोन करता, त्याबद्दल आभार. पण फोन करून निघून जाऊ नका. आम्ही पोहोचेपर्यंत जनावर सरकतं, गाडीखाली, गटारात, आणि आम्ही तासभर शोधत राहतो. हात लावू नका, दूध-पाणी तोंडात ओतू नका. फक्त नजरेच्या टप्प्यात थांबा. तेही बचावाचंच काम आहे. चुकून चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सोसायट्यांच्या अध्यक्षांनाही सांगणं आहे. खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून दूर ठरवून द्या, असं २०२३ चे नियम सांगतात आणि प्रभागात ठरावीक जागा असाव्यात असं न्यायालयानेही म्हटलं. ज्या बाईला तुम्ही रोज हाकलता, तिला एक कोपरा आणि एक वेळ द्या. आणि तिच्याकडे वही द्या. आमच्या मावशींना लिहिता येत नाही. त्यांची नात लिहिते: रंग, नर-मादी, कान, कधी व्याली.

त्या वहीत आता दोन नावं उरली आहेत, दोन्ही माद्या. रविवारी पहाटे साडेपाचला जायचं आहे. त्या दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ओम्नी चालवायला कुणी नाही. अरण्येश्वर परिसरात कुणाला गाडी चालवता येत असेल आणि तेवढी एक पहाट देता येत असेल, तर शनिवारी रात्री नऊनंतर ओढ्याकडेच्या भाजीच्या दुकानापाशी यावं. मावशी तिथेच असतात.

आपला विश्वासू,
एक वाचक
सहकारनगर, पुणे