व्यापारयुद्ध आणि वाटाघाटी : लेकीस पत्र

मुंबई, ६ डिसेंबर २०२५

चि. मनीषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा नीट वाचला. दोन देशांत शुल्कयुद्ध जुंपले की ज्याची आयात अधिक तोच अखेरीस वरचढ ठरतो, कारण शुल्क लावायला त्याच्याकडे माल जास्त असतो, असे तू त्यात मांडले आहेस. हाच हिशेब २०१८ साली अमेरिकेच्या सरकारातही मांडला जात होता. २०१७ मध्ये अमेरिकेने चीनकडून सुमारे ५०५ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि चीनला सुमारे १३० अब्ज डॉलरचा विकला. म्हणजे दोघांनी शुल्काला शुल्काने उत्तर देत जायचे ठरवले, तर चीनकडे शुल्क लावण्याजोगा माल आधी संपणार हे उघड होते, आणि तो संपलाही. तरीही पुढच्या बोलण्यांत जे घडले त्याचा उलगडा या हिशेबाने होत नाही. म्हणून हे प्रकरण छापायला देण्यापूर्वी माझे म्हणणे सविस्तर लिहितो.

आधी शुल्क भरतो कोण, ते पाहू. माझी सारी नोकरी कस्टम क्लिअरिंगच्या कामात गेली, त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. न्हावा शेवाला कंटेनर उतरला की बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमला द्यायचे विवरणपत्र, आयातदाराच्या नावाने भरले जाते, शुल्काची रक्कम त्याच्याच खात्यातून जाते आणि ती भरल्याशिवाय सहसा माल बंदराबाहेर पडत नाही. अमेरिकेतही शुल्क भरण्याची जबाबदारी आयातदाराचीच असते. परदेशी विक्रेत्याने भाव उतरवून त्यातला काही भार उचलला तर उचलला, पण सरकारला पैसे देतो तो देशातलाच व्यापारी. मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टीन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ च्या शुल्कांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ सगळा भार अमेरिकी खरेदीदारांवरच पडल्याचे त्यांना आढळले. बोलण्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, शुल्क लावणारा देश स्वतःला इजा करून घेत समोरच्याला इजा करतो. त्याचे बळ मोजायचे तर त्याची आयात किती हे पाहून भागत नाही, आपल्या लोकांना तो किती काळ सोसायला लावू शकतो हेही पाहावे लागते.

चीनने हे फार लवकर ओळखले. ६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावले आणि त्याच दिवशी चीनने तेवढ्याच किमतीच्या अमेरिकी मालावर तेवढेच शुल्क लावले. चीनच्या यादीत सोयाबीन ठळकपणे होते. सोयाबीन पिकते आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा अशा मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत, आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या मतांचे मोल वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. त्याच उन्हाळ्यात युरोपीय संघाने अमेरिकेच्या पोलाद शुल्काला उत्तर देताना केंटकीची बर्बन व्हिस्की आणि विस्कॉन्सिनच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली निवडल्या, कारण सिनेटमधल्या बहुमताचे नेते आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती त्या दोन राज्यांचे होते. अमेरिकेची चीनला होणारी सोयाबीन निर्यात २०१७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरची होती, ती २०१८ मध्ये ३ अब्जांच्या आसपास आली. ब्राझीलने ती जागा भरली. शेतकऱ्यांना सावरण्यासाठी अमेरिकी सरकारला २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर करावी लागली. तुझ्या तक्त्यात ही २८ अब्जांची रक्कम कुठेच नाही. ती अमेरिकेच्या खर्चाच्या बाजूला मांडायला हवी, कारण वाटाघाटीत टिकून राहण्यासाठी मोजलेली ती किंमत होती.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शुल्काची धमकी आणि लावलेले शुल्क यांना तू एकाच रकान्यात बसवले आहेस. बोलणीला बसलेल्यांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि २०१९ साली बोलणी मोडण्यात या फरकाचाही वाटा होता. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर सुमारे दीडशे पानांचा मसुदा बराचसा तयार झाला होता. मेच्या सुरुवातीला चीनने त्यातली अनेक कलमे, विशेषतः स्वतःचे कायदे बदलण्याची हमी, खोडून तो परत पाठवला. १० मे रोजी अमेरिकेने २०० अब्ज डॉलरच्या मालावरचे शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेले. चीनचे मुख्य वाटाघाटकार लिऊ ह यांनी तेव्हा ज्या तीन हरकती जाहीरपणे सांगितल्या, त्यात पहिली हीच होती की करार व्हायचा असेल तर सगळी जादा शुल्के उठली पाहिजेत. उलट अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी रॉबर्ट लायटहायझर यांचे म्हणणे असे की, चीन करार पाळतो की नाही हे दिसेपर्यंत काही शुल्के राहिलीच पाहिजेत. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. शुल्के उठणार नसतील तर सवलत द्यायची कशाच्या बदल्यात, हा चीनचा प्रश्न होता. आणि शुल्के उठवली तर उद्या शब्द पाळायला लावायचा कसा, हा अमेरिकेचा.

शेवटी तोडगा कसा निघाला ते पाहा. १५ डिसेंबर २०१९ पासून मोबाइल फोन आणि लॅपटॉपसह सुमारे १६० अब्ज डॉलरच्या मालावर नवे शुल्क लागणार होते. दोन दिवस आधी, १३ तारखेला, पहिल्या टप्प्याचा करार ठरल्याचे जाहीर झाले. न लावलेले शुल्क रद्द झाले आणि सप्टेंबरमध्ये लावलेले १५ टक्के निम्म्यावर आले. पण २५० अब्ज डॉलरच्या मालावरचे जुने २५ टक्के तसेच राहिले. १५ जानेवारी २०२० रोजी सह्या झाल्या. म्हणजे अमेरिकेला जे काही मिळाले ते बहुतांशी अजून न लागलेल्या शुल्काच्या बळावर मिळाले. लागून गेलेल्या शुल्काची दोन्ही बाजूंना सवय झाली होती. चिनी मालावरचे सरासरी अमेरिकी शुल्क युद्धापूर्वी ३ टक्क्यांच्या आसपास होते, ते करारानंतरही १९ टक्क्यांच्या आसपास राहिले.

आणि मिळाले तरी काय? २०१७ च्या पातळीपेक्षा दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी करण्याचे वचन चीनने दिले होते. अर्थतज्ज्ञ चॅड बाऊन यांच्या हिशेबानुसार एकूण ठरलेल्या खरेदीच्या ५८ टक्केच खरेदी झाली, आणि जादा २०० अब्जांपैकी काहीही झाले नाही. यात महामारीचा वाटा होताच. पण खरेदीचा आकडा ठरवून द्यायचा हा प्रकारच मला कच्चा वाटतो. सरकारी उद्योगांना दिलेली मदत, तंत्रज्ञान हस्तांतराची सक्ती हे ज्या तक्रारींवरून भांडण सुरू झाले ते विषय अवघड म्हणून मागे पडले किंवा अर्धवट राहिले, आणि मोजायला सोपे म्हणून सोयाबीनचे आणि तेलाचे आकडे पुढे आले. शुल्काच्या दबावाखाली होणाऱ्या करारांत हे वारंवार दिसते, कारण मुदतीच्या तारखेला जाहीर करता येईल असे काहीतरी दोन्ही नेत्यांना हवे असते.

लावलेले शुल्क उठवणे इतके अवघड का होते, याचा एक जुना दाखला तुझ्या प्रकरणात नसल्याचे मला आश्चर्य वाटले. १९६२ मध्ये युरोपीय समुदायाने कोंबडीच्या मांसावरील शुल्क वाढवले आणि पश्चिम जर्मनीत जाणारा अमेरिकी माल घसरला. बोलणी फसली. गॅट या जागतिक व्यापार संघटनेपूर्वीच्या व्यापार कराराच्या तज्ज्ञमंडळाने नुकसान २६ दशलक्ष डॉलर ठरवले आणि जानेवारी १९६४ पासून अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के शुल्क लावले. कोंबडीचे भांडण कधीच विरले, बाकी तीन वस्तूंवरची शुल्केही पुढे गेली, पण हलक्या ट्रकवरचे २५ टक्के साठ वर्षांनंतरही कायम आहेत. त्या आडोशाला अमेरिकेतला पिकअप ट्रकचा धंदा वाढला, आणि तो आडोसा काढण्याचे धाडस कोणत्याही अध्यक्षाने केले नाही. चीनवरील शुल्कांचेही तेच झाले. बायडेन यांनी ती उठवली नाहीत, उलट २०२४ मध्ये चिनी विजेरी मोटारींवरचे शुल्क १०० टक्क्यांवर नेले. वाटाघाटीत देवघेव करण्यासाठी म्हणून लावलेले शुल्क काही वर्षांत देशातल्या उद्योगाचा हक्क होऊन बसते आणि मग ते समोरच्याला देऊ करता येत नाही.

जपानचे उदाहरण तू दिलेस ते योग्य आहे, पण ते अपुरे आहे. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेने जपानच्या महागड्या मोटारींच्या तेरा मॉडेलांवर १०० टक्के शुल्काची धमकी दिली आणि मुदत २८ जून ठरवली. वाटाघाटी करणारे जपानचे व्यापारमंत्री रियुतारो हाशिमोतो यांनी अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी मिकी कँटर यांना केंदो या जपानी तलवारबाजीतली बांबूची तलवार भेट दिली, ती कँटर यांनी त्यांच्या गळ्याशी धरल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुदतीच्याच दिवशी जिनिव्हात समझोता झाला, शुल्क लागले नाही, आणि अमेरिकेला हवी असलेली ठरावीक आकड्यांची सरकारी हमीही जपानने दिली नाही. जपान नुकत्याच स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेकडे गेला होता, हे तू लिहिले आहेस. पण जपानच्या भूमीवर अमेरिकेचे लष्करी तळ होते आणि संरक्षणासाठी तो अमेरिकेवर विसंबून होता, हे तू लिहायला हवे होतेस. दोन मित्रदेशांत धमकीला मर्यादा असते, कारण दोघांनाही नाते मोडायचे नसते. प्रतिस्पर्ध्यांमध्ये तशी मर्यादा नसते, आणि ती नसली की काय होते ते यंदा दिसले.

यंदाच्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे चिनी मालावरचे शुल्क काही दिवसांत १४५ टक्क्यांवर आणि चीनचे अमेरिकी मालावरचे १२५ टक्क्यांवर गेले. ११ एप्रिलला चीनने स्पष्ट केले की, या पातळीवर अमेरिकी माल आपल्या बाजारात विकलाच जाऊ शकत नाही, त्यामुळे यापुढे अमेरिकेने आकडा वाढवला तरी आपण लक्ष देणार नाही. त्याच रात्री अमेरिकेने स्मार्टफोन आणि संगणक त्या वाढीव शुल्कातून वगळले. कोणता माल आपल्याला इतरत्र मिळणार नाही, याची ती जाहीर कबुलीच होती, आणि समोर बसलेला माणूस अशा सवलतींची यादी फार काळजीपूर्वक वाचतो.

चीनचे खरे उत्तर मात्र शुल्कात नव्हते. ४ एप्रिलला त्याने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. या धातूंच्या शुद्धीकरणाचा जगातला बहुतेक सगळा धंदा चीनच्या हातात आहे, आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांशिवाय मोटार चालत नाही की क्षेपणास्त्र. मे महिन्यात फोर्डला शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला. आपल्याकडे पुण्याच्या बजाज ऑटोलाही चेतक स्कूटरचे उत्पादन काही काळ घटवावे लागले, म्हणजे या भांडणाची झळ भांडणात नसलेल्यालाही लागली. १२ मे रोजी जिनिव्हात दोन्ही बाजूंनी शुल्के ११५ टक्केबिंदूंनी खाली आणली. आयातीचा आकडाच निर्णायक असता तर पाचशे अब्जांवरचा हिशेब सांगणाऱ्या बाजूला इतक्या लवकर एवढे खाली यावे लागले नसते.

पण हे शस्त्रही फुकट चालत नाही. २०१० मध्ये सेन्काकू बेटांच्या वादात जपानकडे जाणारे हेच धातू अडले, तेव्हा जपानने ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला आणि चीनवरचे अवलंबित्व हळूहळू कमी केले. ऑक्टोबरात चीनने निर्बंध आणखी वाढवले, अमेरिकेने १०० टक्के जादा शुल्काची धमकी दिली, आणि ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये दोन्ही देशांचे नेते भेटले, तेव्हा दोघांनी एकेक पाऊल वर्षभरासाठी मागे घेतले. पण त्याआधी दहा दिवस अमेरिकेने ऑस्ट्रेलियाशी खनिजांचा करार केला होता, आणि चीन सप्टेंबरात अमेरिकेचे एकही सोयाबीन न घेता ब्राझील आणि अर्जेंटिनाकडून खरेदी करत होता. बुसानमध्ये चीनने दरवर्षी अडीच कोटी टन सोयाबीन घेण्याचे कबूल केल्याचे अमेरिकेने सांगितले, त्यावर मी २०२० च्या वचनाचा अनुभव लक्षात ठेवूनच विश्वास ठेवीन.

भारताबद्दल तू थोडक्यात लिहिलेस. आपल्यावर ऑगस्टअखेर ५० टक्के शुल्क लागले आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपर्यंत त्याचा फटका पोहोचला. या वेळी सरकारने प्रतिशुल्क लावले नाही. २०१९ मध्ये मात्र बदाम, अक्रोड, सफरचंद यांच्यासह २८ वस्तूंवर लावले होते, आणि त्यातले बरेचसे २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेतले सहा वाद मिटवताना मागे घेतले. तेव्हा तडजोडीत देण्यासारखे हाती काही होते. आज ते नसताना बोलणी कशी चालतात, आणि जुलैत ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारासारखे पर्याय हाताशी असल्याने त्यांत किती फरक पडतो, याला तू स्वतंत्र प्रकरण द्यावेस असे मला मनापासून वाटते.

आणखी एक दुरुस्ती आहे. २०१८ चे चीनवरचे शुल्क अमेरिकेच्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली महिनोन् महिने चौकशी करून लागले होते, यंदाचे बहुतेक आणीबाणीच्या अधिकारांच्या कायद्याखाली एका आदेशाने लागले. त्या अधिकाराबद्दल ५ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आहे. निकाल विरुद्ध गेला तर रात्रीतून शुल्क लावण्याची धमकी देणे अध्यक्षांना बरेच कठीण होईल, आणि समोर बसलेले सगळे देश त्याकडेच डोळे लावून आहेत. म्हणून तुझ्या तक्त्यात आयातीच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने कर : कोणता माल दुसरीकडे मिळत नाही, पर्याय उभा करायला किती वर्षे लागतील, आणि शुल्क लावायचा व उठवायचा अधिकार कोणाकडे आहे. मग पहिल्या प्रकरणाचा निष्कर्ष पुन्हा लिही आणि मला पाठव.

तुझी आई ठीक आहे. तब्येतीस जपावे.

तुझे,
बाबा