आईच्या गुडघ्याला झेपतील अशा वाटा

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

परवा फोनवर आई म्हणालीस ना, "तिकडे येऊन आम्ही करायचं काय, खिडकीत बसून पाऊस बघायचा?" तेव्हा मला काही उत्तर सुचलं नाही पण फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात आहे. मागच्या वेळी खरंच तसं झालं होतं. नोव्हेंबर महिना, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, साडेचारला अंधार, आम्ही दोघं कामावर आणि तुम्ही दोघं दिवसभर चार भिंतीत. एकदा तू सिंकपाशी पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होतीस, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू विषय बदलतेस.

आता आम्ही बोर्टन-ऑन-द-वॉटरला राहतो, म्हणजे इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातलं एक गावच. मधून विंडरश नदी वाहते, आपल्या कृष्णेसारखी नाही हं, पाणी अगदी उथळ, तळाचे दगड दिसतात आणि वर बुटके बुटके दगडी पूल. सुट्टीच्या दिवशी दुपारी टुरिस्टांची इतकी गर्दी होते की मला स्वतःला नको वाटतं, पण सकाळी आठला बाहेर पडलं तर बदकं आणि कुत्री फिरवणारे म्हातारे एवढेच असतात. गेले तीन शनिवार मी एकटी सगळ्या वाटा चालून आलेय, आईचा गुडघा डोक्यात ठेवून, कुठे चढ आहे कुठे बसायला बाक आहे ते बघत.

सगळ्यात सोपी वाट लोअर स्लॉटरची. नाव ऐकून दचकू नका, कत्तलीशी काही संबंध नाही, जुन्या इंग्लिशमधल्या चिखलाच्या जागेसाठीच्या शब्दावरून ते आलंय असं म्हणतात. घरापासून दीड मैल, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आत. सुरुवातीला एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, फॉस वे, रोमन लोकांच्या काळातला, गाड्या जोरात येतात तेव्हा तिथे मी हात धरणार आणि त्यावर वाद नको. एकदा पलीकडे गेलं की शेतातून वाट, बरीचशी पक्की आणि सपाट. आपण तिघं रमतगमत गेलो तरी पाऊण तास, फार तर तास. मग समोर आय नावाचा ओढाच, दोन्ही बाजूला मधाच्या रंगाची दगडी घरं, आणि टोकाला जुनी पाणचक्की, तिची विटांची चिमणी लांबूनच दिसते. इथे १०८६ सालच्या सरकारी नोंदीतसुद्धा गिरणी होती, आत्ताची इमारत नंतरची, पण चाक बाहेरून बघता येतं. आई, तुला पाण्याशी बसायला आवडतं ना, तिथे बसू, मी थर्मासमध्ये चहा आणते, आल्याचा.

पुढे अजून एक मैलावर अप्पर स्लॉटर. हा भाग कुरणातून जातो, शेवटी थोडा चढ आहे, त्यामुळे त्या दिवशी गुडघा म्हणेल तसं ठरवू. मध्ये फाटकं लागतात, त्यांना किसिंग गेट म्हणतात. अर्धगोल कठडा असतो आणि त्याच्या आत एक दार झुलतं, आपण आत शिरायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, दार आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस जातो, गुरं जात नाहीत. कडी नाही, कुलूप नाही. मला लगेच आईच्या माहेरचं बेडं आठवलं, त्या काठ्या सरकवून आपण आत जायचो आणि आजोबा मागून ओरडायचे, परत लाव गं नाहीतर गुरं शिरतील. इथेही नियम तोच, फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. आणि शेताच्या भिंती म्हणजे थेट गडगे! चुना नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला, फक्त जांभ्याच्या जागी पिवळसर चुनखडी. परवा एका भिंतीवर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले, वरचे दगड उभे लावलेले असतात पुस्तकांसारखे, त्यांच्या फटीत शेवाळ. कुंपणावर चढून ओलांडायच्या पायऱ्या असतात काही वाटांवर, त्या आईला जमणार नाहीत, पण या वाटेवर मला तरी कुठे चढावं लागलं नाही.

बाबा, आता तुमचं. तुम्ही मागच्या वेळी म्हणाला होता लोकांच्या शेतातून कसं जायचं, कुणी हटकलं तर आपण काय बोलणार. कुणी हटकत नाही, तो हक्क आहे. शेत मालकाचं, वाट सगळ्यांची. खांबावर किंवा फाटकावर पिवळा बाण असेल तर पायी जायची वाट, निळा असेल तर घोडा आणि सायकलसुद्धा. शेतकऱ्याने नांगरट केली तरी ठराविक दिवसांत वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. हे आपोआप नाही मिळालेलं, १९३२ मध्ये डर्बीशायरच्या किंडर स्काऊट डोंगरावर शेकडो लोक मुद्दाम बंदी मोडून चढले, पाच जण तुरुंगात गेले, मग १९४९ च्या कायद्याने कौन्सिलांना आपापल्या भागातल्या सगळ्या वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. अडवलेल्या पाणंदीसाठी तहसीलला खेटे घालणारी माणसं तुम्ही नोकरीभर बघितलीत, मोजणी करून द्यायचात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच बांध पुन्हा सरकलेला असायचा, रात्री जेवताना तुम्ही गप्प असायचात ते मला आठवतं. म्हणून तुम्ही ही वाट स्वतः चालून बघावी असं मला फार वाटतं.

तुमच्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी मोजणी-नकाशा खात्याचा, या भागाचा नकाशा घेऊन ठेवलाय, क्रमांक ओएल ४५. स्केल १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. शेतांचे बांधसुद्धा दिसतात. वाटा हिरव्या तुटक रेषांनी, आपल्या गाव नकाशात पायवाट एका तुटक रेषेने असते तसंच. हे खातं १७९१ पासूनचं, आपल्याकडे मद्रासला लॅम्बटनने मोठी मोजणी सुरू केली त्याच्या ११ वर्षं आधीचं. आणि एक, तुमची मोजणीची साखळी ३३ फुटांची, इथली जुनी ६६ ची, ८० साखळ्या म्हणजे बरोबर एक मैल. तेव्हा स्लॉटरपर्यंत किती साखळ्या ते तुम्हीच सांगा.

अप्पर स्लॉटरच्या चौकातली घरं १९०६ साली लुटियन्स या वास्तुकाराने सुधारून दिलीत, तोच ज्याने बांधलेलं राष्ट्रपती भवन आपण दिल्लीच्या ट्रिपला बाहेरून बघितलं. पण मला तिथे थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन्ही महायुद्धांत या गावातून गेलेले सगळे जिवंत परत आले. अशी गावं फार थोडी आहेत. बाबा, मला अपशिंगे मिलिटरी आठवलं, तुम्ही मला लहानपणी तिथला पहिल्या महायुद्धाचा दगड दाखवायला नेलं होतं, साताऱ्याजवळच्या त्या गावातली किती माणसं याच इंग्रजांच्या लढाईत गेली. इथल्या मुलांच्या आयांना मुलगे परत मिळाले याचा आनंदच आहे, पण घशाशी काहीतरी आलं एवढं खरं. तुमच्याबरोबर त्या चौकात उभं राहायचंय मला.

ज्या दिवशी एवढं चालायचं नसेल तेव्हा ग्रेस्टोन्स फार्म आहे, गावालाच लागून, सगळं सपाट, नदीकाठची कुरणं आणि लोहयुगातल्या घरासारखं बांधलेलं एक गोल झोपडीवजा घर. तिथे गाई असतात, वासरू बरोबर असलं तर मात्र लांबूनच जायचं, आई तू जवळ जाऊन कपाळ खाजवायला बघशील म्हणून आधीच सांगतेय, या गाई तुला ओळखत नाहीत.

यायचं ते मेच्या मध्यावर. नवऱ्याने आणि मी आळीपाळीने सुट्टी टाकलीय, रोज एक जण घरी असेल. सूर्य नऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे रात्रीचं जेवण झाल्यावरसुद्धा उजेडात एक चक्कर होते. पाऊस येणार, ते खोटं सांगत नाही, पण बहुतेक वेळा येतो नि जातो. लंडनच्या पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्शपर्यंत थेट ट्रेन असते, पण तुम्हाला आम्ही विमानतळावरच घ्यायला येऊ.

आई, चप्पल चालणार नाही, पायाला नीट बसणारे बूट घे, आत्ताच घे आणि घरात घालून आठवडाभर चाल म्हणजे चावणार नाहीत. गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत. साडीवर चालायचं असेल तर जरा वर नेसावी लागेल, गवत ओलं असतं, आणि कडेच्या नेटल नावाच्या झुडपाला हात लावू नकोस, खाजकुइलीसारखं झोंबतं. बाबा, टोपी आणा, वारा असतो.

व्हिसाचे कागद मी भरून पाठवतेय, फक्त फोटो काढून ठेवा. रविवारी फोन करते, तेव्हा तारीख सांगा.

तुमची
बायो