'पाथ बरोबर आहे' असं आधी सांगणाऱ्यास

नमस्कार,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण अक्कलही मला चारचौघांतच शिकवली गेली होती.

एक्सएमएल (टॅगांमध्ये माहिती लिहायची पद्धत) कॉन्फिग फाईलमधून, म्हणजे सेटिंग्जच्या फाईलमधून, टाइमआउटची (किती वेळ वाट बघायची त्याची) व्हॅल्यू कोडने वाचायची, एवढंच काम. फाईल उघडत होती, पार्स होत होती, टॅग डोळ्यांसमोर होता, आणि एक्सपाथच्या, म्हणजे टॅगपर्यंतचा पाथ देऊन तो शोधायच्या भाषेच्या, हाती काहीच लागत नव्हतं. एरर आली असती तर परवडलं असतं. कोड गुपचूप डिफॉल्ट आकडा उचलायचा आणि चालू पडायचा. फाईलमध्ये काहीही लिहा, त्याला सोयरसुतक नाही.

ऑनलाइन चारचौघांत विचारल्यावर काय मिळालं? 'स्पेलिंग तपासा.' तपासलं होतं, तसं प्रश्नातच लिहिलं होतं. 'आता एक्सएमएल कोण वापरतं, जेसनवर या.' फाईल दुसऱ्यांच्या सिस्टिममधून येते, मी कुठे येणार! एकाने टॅगचं नुसतं नाव जुळवणाऱ्या लोकल-नेम फंक्शनचा तोडगा दिला. तो चालला, पण का चालला हे विचारताच गृहस्थ गायब.

मग तुम्ही लिहिलंत, 'तुमचा पाथ बरोबर दिसतोय. फाईलची अगदी वरची ओळ दाखवाल का?'

खरं सांगते, उत्तर मिळण्याआधीच त्या पहिल्या वाक्याने हायसं वाटलं. समोरच्याने प्रश्न शेवटपर्यंत वाचलाय, आणि समोरची बाई वेंधळी आहे असं धरून तो चाललेला नाही, हे त्यात होतं. हुशार माणसं पुष्कळ भेटतात. दुसऱ्याचं म्हणणं आधी खरं मानून बघणारी फार कमी, आणि बहुतेक वेळा तीच गाडी पुढे नेतात.

घोळ त्या वरच्या ओळीतच होता. रूट (सगळ्यांत बाहेरच्या) टॅगवर एक्सएमएलएनएस हे ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्येच लिहिलेली नाव-व्हॅल्यूची जोडी. ते नेमस्पेस, म्हणजे नावांचं कूळ, ठरवतं; म्हणजे आतले बिनप्रीफिक्सचे (नावाआधी कुळाची खूण नसलेले) सगळे टॅग त्या नेमस्पेसचे. आणि एक्सपाथ १.० च्या लेखी प्रीफिक्स नसलेलं नाव कुठल्याच नेमस्पेसचं नसतं. दोन्ही नियम १९९९ सालचे, तरी एकमेकांशी बोलणं नाही! तुम्ही स्वतः चार ओळींची फाईल लिहून दाखवलीत, एकदा त्या ॲट्रिब्यूटसकट, एकदा त्याच्याशिवाय. कोडमध्ये त्या ॲट्रिब्यूटमधल्या यूआरआयला (नेमस्पेसच्या पत्त्यासारख्या नावाला) प्रीफिक्स जोडा, पाथमधल्या प्रत्येक टॅगला तो लावा. प्रीफिक्स कुठलाही चालेल, यूआरआय मात्र अक्षर न् अक्षर तोच हवा. झालं.

जाता जाता हेही सांगितलंत, की बिनप्रीफिक्सच्या ॲट्रिब्यूटला डिफॉल्ट नेमस्पेस लागू होत नाही, तिथे प्रीफिक्स लावू नका. मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पोर्ट नंबर वाचायचा होता, तो ॲट्रिब्यूटमध्येच निघाला आणि पहिल्या फटक्यात वाचला गेला.

मनापासून आभार.

तुमची,
टाइमआउटवाली