करारात विद्यार्थ्याची सही कोठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांनी उद्योगांशी केलेल्या सामंजस्य करारांचे जे वृत्त आपण कालच्या शिक्षणविषयक पानावर पुष्पगुच्छांच्या छायाचित्रासह छापले आहे, ते मी दोनदा वाचले; परंतु त्या करारांखाली विद्यार्थी जे प्रकल्प करतील, त्यांचा खर्च कोण उचलणार आणि तयार झालेल्या वस्तूवर हक्क कोणाचा राहणार, याबद्दल त्यात एक ओळही सापडली नाही. छायाचित्रातील मान्यवरांची नावे मात्र डावीकडून उजवीकडे, पदांसह, बिनचूक आहेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या निकषांत कार्यरत करारांची संख्या मागितली जात आली असल्यामुळे महाविद्यालयांना करारांची एवढी घाई का असते हे समजते, पण वृत्तपत्रानेही केवळ संख्याच मोजावी काय?

माझी मुलगी गेल्या वर्षी यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात होती. तिच्या गटाला चाकण परिसरातील एका कारखान्याने पंपाच्या आवरणाची गळती तपासणारे फिक्स्चर, म्हणजे तपासणीसाठी भाग घट्ट धरून ठेवणारे साधन, तयार करण्याचा प्रकल्प दिला, याचा घरी सर्वांना आनंद झाला होता. करार महाविद्यालय आणि कंपनी यांच्यात झाला, त्यावर दोन्हीकडच्या सह्या आणि शिक्के उमटले, आणि ज्यांनी काम करायचे त्यांच्यापैकी एकालाही तो कागद दाखवण्यात आला नाही. पाचशे रुपयांचा मुद्रांक आणून देण्याचे काम तेवढे विद्यार्थ्यांकडे होते. (ऑक्टोबर २०२४ मध्ये शासनाने शंभराचा मुद्रांक मोडीत काढून किमान शुल्क एकदम पाचशेवर नेले, तेव्हा त्याचा भुर्दंड शेवटी कोणाच्या खिशावर पडेल याचा विचार कोणी केला होता की नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

पुढे जे झाले ते त्या करारातील 'योग्य तो खर्च कंपनी देईल' या एका वाक्यामुळे. मुलांनी भोसरीच्या दुकानांतून ॲल्युमिनियमच्या प्लेटा, क्लॅम्प, सील, न्यूमॅटिक सिलिंडर असे साहित्य स्वतःच्या पैशाने आणले, बाहेरच्या वर्कशॉपमधून मशिनिंग करून घेतले आणि सर्व बिले जपून कंपनीत सादर केली. तेथील खरेदी विभागाने अत्यंत सौजन्याने सांगितले की बिलावर कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक नाही, खरेदीपूर्वी परचेस ऑर्डर (कंपनीचा लेखी खरेदी-आदेश) निघालेली नाही, सबब पैसे देता येत नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच खरेदी कोणाच्या नावाने करायची, हे काम सुरू होण्यापूर्वी करारात लिहायला हवे होते. महाविद्यालयाने 'हा तुमचा आणि कंपनीचा प्रश्न आहे' असे उत्तर दिले. करार मात्र आमचा नव्हता!

त्याहून मोठा ताप परीक्षेच्या वेळी झाला. गोपनीयतेच्या कलमाचा आधार घेऊन कंपनीने अहवालातील ड्रॉइंग आणि चाचण्यांचे आकडे काढायला लावले व तोपर्यंत प्रकल्पपूर्तीचे प्रमाणपत्र अडवून ठेवले. बाह्य परीक्षकांनी साहजिकच विचारले, की ड्रॉइंग नसलेला डिझाइनचा प्रकल्प मी कशावरून तपासू? मार्गदर्शक प्राध्यापक त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते, असे मुलगी सांगते. कंपनीला गुप्तता हवी असणे मला मान्य आहे, कारण पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला तर त्याचे नावीन्य धोक्यात येते. पण त्यावर उपाय आहेत. आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल केला की संपूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात, आणि शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत असल्याने महाविद्यालयाला खर्चाची सबब सांगता येत नाही. तेवढेही नको असेल तर गोपनीय भाग वेगळ्या परिशिष्टात ठेवून परीक्षकांकडून हमीपत्र घेता येते. हे परीक्षेच्या आठवड्यात सुचण्यापेक्षा करार लिहिताना सुचायला हवे.

आता हक्कांविषयी. 'प्रकल्पातून निर्माण होणारे सर्व हक्क कंपनीकडे राहतील' असे महाविद्यालयाने लिहून दिले होते. महाविद्यालयाने ते कोणत्या अधिकारात दिले? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेखाटनाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते काढणारा असतो. नोकरीच्या कामाला अपवाद आहे, परंतु अंतिम वर्षाचा विद्यार्थी हा ना महाविद्यालयाचा नोकर, ना कंपनीचा. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनेच व्हावे लागते. पेटंटचा अर्जही खरा व प्रथम शोधक किंवा त्याने ज्याच्या नावे हक्क करून दिला तोच करू शकतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालेल्या कामावर शोधक आणि संस्था यांची संयुक्त मालकी असावी, असे सुचवले आहे. तेव्हा महाविद्यालयाने आपला वाटा खुशाल द्यावा. मुलांचा वाटा देण्यासाठी मुलांची सही लागते, आणि ती मागण्यापूर्वी त्यांना कागद वाचायला द्यावा लागतो.

फिक्स्चर कारखान्यात वापरात आहे असे ऐकतो. पैसे आलेले नाहीत.

माझी आपल्या वार्ताहरांना विनंती एवढीच आहे, की पुढील करार-समारंभाला गेल्यावर छायाचित्रासोबत कराराची प्रतही मागावी आणि त्यातील खर्चाचे, अहवालाचे व हक्कांचे कलम वृत्तात द्यावे. प्रत देण्यास नकार मिळाला, तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे.

आपला,
एक पालक, चिंचवड