सिरोटाइपच्या रकान्यात रेघ कशाला, मंत्रिमहोदय?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

भातकापणी उरकली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरते तळ, घाट उतरून ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या शिवारात येतात. यंदा त्या मेंढ्यांत ताप, सुजलेले ओठ, नाकावर खपल्या, खुराच्या वरच्या कडेला लाल पट्टा अन् लंगडणं दिसलं. रक्ताचे नमुने नेताना ‘विषाणूचा प्रकार आठवड्यात कळवू’ असा शब्द मिळाला. कागद आला तो महिन्याने. नीलजिव्हा (ब्लूटंग हा विषाणूजन्य रोग), पॉझिटिव्ह. सिरोटाइपच्या, म्हणजे विषाणूच्या प्रकाराच्या, रकान्यात आडवी रेघ!

अभिनंदन. मेंढपाळाने तोंड उघडून बघताच जे सांगितलं, ते सरकारला महिन्याने कळलं. देशात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली आपल्याच राज्यातली. साठ वर्षं पुरली नाहीत का?

प्रकार कळल्याशिवाय लशीला अर्थ नाही. क्युलिकॉइड्स चिलटांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे वीसहून अधिक प्रकार भारतात सापडलेत आणि एकाची लस दुसऱ्याला फारशी अडवत नाही. आपल्याकडच्या पाच प्रकारांच्या लशीत १, २, १०, १६ आणि २३ आहेत. शिवारात या पाचांबाहेरचाच प्रकार फिरत असेल तर सुई फुकट. २०२३ मध्ये नेदरलँड्सला प्रकार ३ आला, तेव्हा ८ ची लस निकामी ठरली. पण त्यांनी प्रकार ओळखला होता, म्हणून पुढच्या वर्षी ३ ची लस तरी हाती आली.

आमचे नमुने भर दुपारी दुचाकीच्या डिकीत गेले, बर्फाविना. रक्त ताप असतानाच ईडीटीए नळीत (रक्त साकळू न देणाऱ्या) घ्यायचं, ४ अंशांवर न्यायचं. गोठवायचं मुळीच नाही, साध्या फ्रीझरच्या उणे २० अंशांत हा विषाणू टिकत नाही. एलायझा (रक्ताची चाचणी) आणि नेहमीची पीसीआर (विषाणूचे जनुक शोधणारी चाचणी) ‘नीलजिव्हा आहे’ एवढंच सांगतात. प्रकारासाठी जनुकांच्या दहा तुकड्यांपैकी दुसरा वाचावा लागतो, कारण प्रकार ठरवणारं व्हीपी-२ प्रथिन त्यावरून बनतं. शिवाय विषाणू तांबड्या पेशींना चिकटून राहतो, त्यामुळे बऱ्या झालेल्या मेंढीची पीसीआरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते. म्हणजे नुसत्या पॉझिटिव्हवरून आजची साथ की जुना संसर्ग, हेही ठरत नाही. गाई-म्हशी लक्षणं न दाखवता विषाणू बाळगतात, पण शेजारच्या गोठ्यांतून एकही नमुना घेतला नाही. वाड्याजवळ संध्याकाळी अतिनील दिव्याचा सापळा लावून चिलटं धरणं तर दूरच.

सुया किती टोचल्या याचे तक्ते मात्र वेळेवर वर जातात. कुठल्या प्रकारावर टोचल्या, हे विचारायला कुणाला सवड नाही. मेंढी मेली की पंचनाम्याला रहिवासाचा दाखला मागतात. बारा महिने फिरणाऱ्या माणसाने तो कुठल्या गावचा आणायचा, हे मंत्रालयातल्या थंड खोलीतून तुम्हीच सांगा.

शीतपेटी, तापातल्या जनावरांचे नव्याने नमुने आणि दुसऱ्या तुकड्याची तपासणी, एवढं तरी पावसाआधी करा. वाडे घाट चढले की नमुना घ्यायला मुरबाडात मेंढी उरणार नाही.

मुरबाड-शहापूर भागात जनावरांवर उपचार करणारे आम्ही काही जण