सुरमईचा दोष नव्हता, बाबा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा सहज बोलून गेले, "मागच्या सीटी स्कॅनला अंगावर गांधी उठल्या होत्या, आदल्या रात्रीच्या सुरमईनं." मला झोप लागली नाही. मंगळवारी परत डाय (आतलं नीट दिसावं म्हणून शिरेतून सुईनं देतात ते औषध) घालून तोच स्कॅन आहे, आणि ही गोष्ट तीन वर्षं तुमच्याच पोटात राहिली!

बाबा, सुरमई आदल्या रात्रीची, गांधी सुई दिल्यावर दहा मिनिटांत. त्यानंतर कितीदा सुरमई खाल्लीत? रविवार मटणाचा असला तरी बुधवारी आई तळतेच की. कधी काही झालं? डायमध्ये आयोडीन असतं, म्हणून लोक माशाचं नाव घेतात. पण माशाची अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते. आयोडीन तर आपल्या मिठातही आहे.

डायचा आधी झालेला त्रास मात्र डॉक्टरांना कळायलाच हवा. म्हणून स्कॅन रद्द होतो असं नाही. दुसरी डाय वापरतात, कधी आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या साधारण बारा-तेरा तास आधी सुरू कराव्या लागतात. टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही.

शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून साखरेची मेटफॉर्मिन बंद करू नका. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा, काढतात. तो ३० च्या खाली असेल तर स्कॅनपासून ४८ तास ती थांबवतात आणि मूत्रपिंड तपासून परत सुरू करतात. तुमचा किती आहे ते बघून डॉक्टरच सांगतील.

डाय जाताना अंग गरम होईल, तोंडात धातूची चव येईल, लघवी झाली असं वाटेल. त्याला घाबरू नका. पण सुईपाशी दुखलं, सुजलं, घसा आवळला, दम लागला, खाज सुटली तर लगेच ओरडा. तुमची सोसायची सवय इथं नको. नंतर अर्धा तास तिथंच बसायचं, रिक्षाची घाई करायची नाही.

आई, कपाटातली जुन्या स्कॅनची फाईल काढ. डायचं नाव लिहिलेलं दिसलं तर त्या पानाचा फोटो पाठव. रविवारी रात्रीच्या एसटीनं मी पुण्याहून निघते. सोमवारी सकाळी बाबांना घेऊन राजारामपुरीत डॉक्टरांकडं जाऊ.

तुमची,
सुमी