काकांच्या आरएक्सचा कार्बोरेटर बदलू नको

डिचोली, गोवा

प्रिय सुदेश,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. काकांची जुनी यामाहा मोटरसायकल, आरएक्स हंड्रेड, शेडमधून बाहेर काढलीस हे ऐकून खूप बरं वाटलं, आणि शेवटी गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर गेला, नवीन टाकू, हे ऐकून तेवढंच धस्स झालं. अरे थांब. निदान हे पत्र पूर्ण वाचेपर्यंत तरी नवीन घेऊ नको. व्हॉट्सॲपवर एवढं सगळं तुकड्या-तुकड्यांनी सांगता येत नाही म्हणून निवांत बसून लिहितोय.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा डबा, तो नवीन का नको ते आधी सांगतो. आरएक्स हंड्रेड आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, आता बाजारात तिच्या नावाने जे स्वस्तातले कार्बोरेटर मिळतात ते मी हातात घेऊन बघितलेत. दिसायला अगदी तसाच, पण स्लाइड (रेसबरोबर वर-खाली होणारा आतला तुकडा) बॉडीमध्ये खुळखुळते, आणि जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी तुकड्यावर, छापलेला नंबर वेगळा आणि भोक भलत्याच मापाचं. असला लावला की गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि पुढे सहा महिने स्लो, म्हणजे रेस न देता चालू राहणं, काही धरत नाही. तुझ्या गाडीवरचा मूळ आहे. बॉडीला तडा नसेल आणि स्लाइड फार झिजलेली नसेल तर तो साफ करून अजून कितीतरी वर्षं चालेल.

आता तू सांगितलेली लक्षणं. चोक ओढला की दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते, चोक बंद केला की मरते, रेस धरून ठेवली तर चालते. आणि चोर्ला घाट चढताना पूर्ण रेस दिली की गुदमरते, रेस थोडी कमी केली की परत पकडते. सुदेश, ही दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. चोक म्हणजे जादा पेट्रोल, तो दिल्यावर गाडी सुधारते म्हणजे एरवी मिळत नाहीये. घाटात सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं, तिथे उघडं पडतं. (कोणी सांगेल घाटाच्या उंचीमुळे होतं, तर चोर्ला आठशे मीटरच्या आसपास आहे, तेवढ्याने गाडी गुदमरत नाही.)

म्हणून पहिली विनंती, दुरुस्ती होईपर्यंत घाटात जाऊ नको. टू-स्ट्रोकला फुल रेसवर पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये पकडतो, आणि मागचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. कधी इंजिन अचानक जड झाल्यासारखं वाटलं तर विचार करत बसू नको, आधी क्लच दाब.

आता कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाहेरचं बघ. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरकडून काढ, एका पारदर्शक बाटलीत सोड आणि कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, उघड. धार सलग यायला पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी गाळाने भरलीय. धार आधी चांगली आणि मग बारीक होत गेली तर टाकीचं झाकण उघडून बघ, झाकण उघडल्यावर परत जोरात आली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. तुमच्या केरीत हे अगदी होण्यासारखं आहे, कारण उभ्या गाडीत कुंभारमाशी जिथे बारीक भोक दिसेल तिथे मातीचं घर करते, ओव्हरफ्लोच्या नळीत तर हमखास, तीसुद्धा फुंकून बघ. ती बाटली तशीच अर्धा तास ठेव. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी, आणि मग टाकी पूर्ण रिकामी करून धुतल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर साफ केलेला कार्बोरेटर दोन दिवसांत परत तसाच.

पाणी निघेल असं मला वाटतंच, कारण दोन पावसाळे गाडी शेडमध्ये होती, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि कॉक तळाकडूनच ओढतो ना.

मग एअर फिल्टर. आतला फोम जुना झाला की बोटाने दाबल्यावर चुरा होतो आणि तो चुरा थेट आत जातो, तसा असेल तर नवीन घाल. डबीसुद्धा आतून पूस. काका मायनिंग जोरात असताना रोज साखळी-डिचोली करायचे, ट्रकांच्या मागे ती लाल धूळ आठवते ना, २०१२ ला मायनिंग बंद पडलं तोपर्यंत या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचे फिल्टर लाल असायचे, त्यातली थोडी अजून त्या डबीच्या कोपऱ्यात सापडेल बघ. आणि फिल्टर काढून गाडी चालवू नको, आवाज छान येतो म्हणून पोरं करतात, पण त्याने हवा अजून वाढते आणि तुझा त्रास तोच आहे.

कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला जॉइंट पण बघ, रबर कुठे तडकलंय का, बोल्ट सैल आहेत का. गाडी स्लोवर चालू ठेवून तिथे कार्ब क्लिनरचा अगदी छोटा फवारा मार. इंजिनचा आवाज बदलला की तिथून हवा शिरतेय. हे इंजिन थंड असताना कर, सायलेन्सर तापलेला नको आणि जवळ कोणी विडी ओढणारा नको.

एवढं झालं की मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. रेसच्या मुठीवर पांढरी टेप चिकटव, आणि मूठ बंद असताना, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडल्यावर पेनने खुणा कर. मग सपाट रस्त्यावर, साखळीच्या बाजूला, हळूहळू चालवून बघ की गाडी नक्की कुठल्या खुणेला अडखळते. स्लो ते पावपर्यंत त्रास असेल तर पायलट जेट (स्लोचा बारीक जेट) आणि एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा). पाव ते पाऊण म्हणजे स्लाइडमधली लांब सुई. त्याच्या वर मेन जेट (फुल रेसचा मोठा जेट), किंवा कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत पेट्रोलच पुरेसं येत नाही. मिसिंग आहे, पिकअप नाही, असं नुसतं म्हटलं तर मेकॅनिकला काहीच कळत नाही, आणि खुणेवर बोट ठेवून सांगितलं तर अर्धं काम तिथेच होतं. इंजिनाचा वेग कितीही असो, कार्बोरेटरचा कुठला भाग काम करतोय हे मूठ किती उघडी आहे त्यावर ठरतं, आणि हे कळलं की तो डबा अजिबात गूढ राहत नाही.

आता उघडायचं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढ. स्क्रू जपानी पद्धतीचे आहेत, साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने डोकं खराब होतं, घट्ट बसणारा ड्रायव्हर घे आणि आधी त्याच्या मुठीवर एक हलका ठोका मार. खालची वाटी काढताना तिच्यातलं पेट्रोल पांढऱ्या बशीत ओत. ते नीट बघ. लाल कण म्हणजे टाकी आतून गंजलीय, पांढरी पूड म्हणजे पाण्याने वाटीचा धातू खाल्लाय, आणि काळपट चिकट काही असेल तर जुनं पेट्रोल उडून मागे राहिलेला राळेसारखा थर. तुझ्याकडे बहुतेक तिन्ही निघेल.

फ्लोट म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, त्याची पिन नाजूक हाताने काढ, ती ज्या दोन खांबांत बसते ते तुटले तर मग खरंच कार्बोरेटर गेला. फ्लोट कानाजवळ हलव, आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद. फ्लोटच्या नीडलच्या (वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या छोट्या सुईच्या) टोकाला बोट फिरव, गोल खाच लागली तर नवीन टाक, नाहीतर ओव्हरफ्लो होत राहील. फ्लोटची पत्ती मात्र वाकवू नको. सगळं परत बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंक मार, हवा अडली पाहिजे, सरळ केल्यावर सुटली पाहिजे.

मेन जेट सहज निघतो. पायलट जेट खोल भोकात बसलेला असतो आणि पितळ मऊ, म्हणून खाचेच्या बरोबर रुंदीचाच चपटा ड्रायव्हर. हलत नसेल तर जोर करू नको, कार्ब क्लिनर मारून रात्रभर ठेव, सकाळी येईल. निघाला की खिडकीच्या उजेडाकडे धरून बघ. भोक इतकं बारीक की आधी बंदच वाटेल, डोळ्याला अगदी जवळ धरलं की एक स्वच्छ गोल ठिपका दिसायला पाहिजे. गोल नसून चंद्रकोर दिसली तरी तो अर्धा बंद आहे. पिन किंवा स्टीलची तार घालायची नाही, त्याने भोक मोठं होतं आणि मग जेटचा नंबर खोटा ठरतो. क्लिनरमध्ये बुडव, हवा मार, फारच झालं तर वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा. मेन जेट पण असाच बघ, कोणी आधी ड्रिल मारून मोठा केलेला असेल तर कडा ओबडधोबड दिसतात.

आणि इथे बरेच लोक थांबतात, जेट साफ म्हणजे काम झालं. नाही. पायलटचा रस्ता जेटच्या पुढे बॉडीतून जातो. एअर स्क्रू आधी हळूच आत फिरव, किती आटे गेले ते मोजून लिहून ठेव, मग पूर्ण काढ, स्प्रिंग आणि बारीक ओ-रिंग असेल तर ती हरवू देऊ नको. आता पायलट जेटच्या भोकात फवारा मार, स्लाइडच्या खाली जे सुईच्या टोकाएवढं भोक आहे तिथून बारीक पिचकारी यायला पाहिजे. चष्मा लाव, हे क्लिनर डोळ्यात गेलं तर फार जळजळतं. पिचकारी सरळ आणि जोरात येईपर्यंत सोडू नको. माझा अंदाज विचारशील तर तुझा चोकचा सगळा प्रॉब्लेम या एका भोकात आहे.

बसवताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे, आणि तिची खाच बॉडीतल्या खिळीवर. उलटी बसली तर रेस अडकून राहते, म्हणून किक मारायच्या आधी मूठ उघडून सोड, टक् करून खाली आपटल्याचा आवाज आला पाहिजे.

सेटिंग गाडी गरम झाल्यावरच. एअर स्क्रू पूर्ण आत करून दीड आटा बाहेर, इथून सुरुवात कर. मग पाव-पाव आटा फिरवत जिथे स्लो सगळ्यात वर जातो तिथे सोड, आणि वाढलेला स्लो दुसऱ्या स्क्रूने खाली आण. तुझ्या गाडीत हा स्क्रू आत नेला की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त, बाहेर काढला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. काही फोर-स्ट्रोकमध्ये स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो तिथे बरोबर उलटं, म्हणून शेजारच्या गाडीचा सल्ला ऐकू नको. एका वेळी एकच गोष्ट बदल, मग चालवून बघ. सुई, जेट, स्क्रू सगळं एका दुपारी हलवलं की कशाने फरक पडला ते कोणालाच कळत नाही.

त्यानंतरही मधल्या खुणांना थोडी कोरडी वाटली तर सुईची क्लिप एक खाच खाली घे, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलवालं, काकांच्या गाडीच्या वेळी ते नव्हतं, इथेनॉलने मिश्रण थोडं लीनच होतं, त्यामुळे जुन्या आरएक्सना कधी कधी एवढी मदत लागते. प्लग शेवटी बघ, फुल रेसवर थोडं अंतर जाऊन क्लच दाबून तिथेच इंजिन बंद कर आणि प्लग काढ. तांबूस तपकिरी असेल तर झालं. पांढराफटक असेल तर घाट अजून बंद.

आणि हे सगळं नीट करूनही स्लो आपोआप वर चढत असेल, रेस सोडल्यावर लगेच खाली येत नसेल, तर बहुतेक क्रँकचं मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलंय आणि तिथून इंजिनात हवा शिरतेय. ते कार्बोरेटरने सुटणार नाही आणि ते गॅरेजचंच काम आहे. तसं झालं तर कळव, म्हापशाला मी येईन बरोबर, शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

काकींना नमस्कार सांग. चवथीला येतोच.

तुझा,
महेश

ता.क. हे सगळ्यात आधी बघ, वरचं नंतर. आरएक्सला टूटी ऑइलची (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) वेगळी टाकी आणि पंप असतो, पण बऱ्याच जणांनी पुढे तो पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सुरुवात केली. तुझा पंप चालू आहे का बंद केलाय ते नक्की कर. बंद असेल आणि तू नुसतं पेट्रोल घातलं असशील तर आता एक किकसुद्धा मारू नको, आधी बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ऑइल मिसळ. काकींना विचार, पेट्रोल भरताना काका ऑइल मागायचे का ते त्यांना बरोबर आठवत असेल.